मापवहीची मागची पानं: अडचणीच्या दिवसांत उपकारस्तुती कशी शिकावी

मी सांगलीत शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, साडीला फॉल-पिको. तीस वर्षं होऊन गेली. गेल्या महिन्यात महिला मंडळाची प्रार्थना आटोपल्यावर एक तरुण सून माझ्याजवळ थांबली. तिच्या नवऱ्याचं काम सुटलंय, घरात दीड वर्षाचं लेकरू आहे. ती म्हणाली, "मावशी, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं सगळे सांगतात. करायची कशी ते कुणीच सांगत नाही. सकाळी उठून मी नेमकं काय करू?"

उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार मानणं. प्रश्न रास्त होता. शिवणाच्या क्लासात बाईंनी 'छान ब्लाऊज शिवा' एवढंच सांगितलं असतं, तर मला आजवर एक बाही नीट बसवता आली नसती. माप कसं घ्यायचं, कापड कसं घालायचं, टाचायचं कुठं, हे कुणीतरी हाताला धरून दाखवावं लागतं. समाधानाचंही तसंच आहे. बायबलात प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय काढा. असेन त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे, असं तो म्हणतो. शिकलो. म्हणजे एके काळी त्यालाही ते येत नव्हतं. आणि हे पत्र त्यानं कैदेत असताना लिहिलंय. त्याच अध्यायातलं तेरावं वचन आपण रिक्षाच्या काचेवर लावतो, दहावीच्या पोरांच्या टेबलासमोर चिकटवतो, की मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो. पण त्याच्या वरचं वचन वाचा. पोटभर मिळालं तर कसं राहायचं आणि उपाशी राहायची वेळ आली तर कसं राहायचं, हे दोन्ही शिकल्याचं तो तिथं सांगतो. त्याचं 'सर्व काही' म्हणजे ते आहे.

मला हे शिकायला लागलं ते २०१९ च्या महापुरात. आमचं घर तळमजल्यावर, नदीच्या अंगाला. ऑगस्टचा पहिला आठवडा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी मिरजेला बहिणीकडे गेलो. आधीच्या पुरात पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी गेलं होतं, म्हणून मशीन विटांवर चढवून ठेवलं आणि वाटलं, झालं काम. पाणी आठवडाभर घरात राहिलं. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी दार उघडलं, तेव्हा गुडघ्याखाली गाळ होता. गिऱ्हाइकांचे तेवीस ब्लाऊजपीस, दोन गणवेश, एका मुलीच्या साखरपुड्याच्या साडीवरचं ब्लाऊज, सगळं एका रंगाचं झालेलं. माझी मापवही म्हणजे कागदाचा लगदा झाला होता. तीस वर्षांची मापं. कुणाची पाठ किती, कुणाचा दंड किती, कुणाला गळा खोल चालत नाही, ते सगळं त्या वहीत होतं.

आमच्या जिल्ह्याचं असं आहे की एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला टँकर. माझं माहेर कवठेमहांकाळ तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात माझी आई मला कडेवर घेऊन खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, रेशनला तांबडा मिलो मिळायचा. त्या मिलोच्या भाकरीवर हात ठेवून आई उपकारस्तुती करायची, आणि पुढे सुखाचे दिवस आले तरी पोळीवर तसाच हात ठेवायची. मी ते लहानपणापासून बघत आले, पण बघून येत नाही. हात आपला असावा लागतो आणि भाकरीही आपल्याच ताटातली.

तर करायचं काय?

पहिली गोष्ट, आभार मानायला बसूच नका. आधी पंचनामा करा. पुरानंतर तलाठी येतात, घरात फिरतात, काय काय गेलं ते लिहून घेतात. त्यात कुणी 'चालतंय, देवाची मर्जी' असं लिहीत नाही. कपाट एक, गादी दोन, शिलाई मशीन एक. तसाच पंचनामा देवापुढे करा, खरा आणि पुरा. मी तो बहिणीच्या घरी गच्चीवर बसून केला. मापवही गेली म्हणताना मला जेवढं रडू आलं तेवढं कपाटासाठी आलं नाही. बोलल्याशिवाय मला ते कळलंच नसतं. बायबलातल्या स्तोत्रांत असा विलाप जागोजागी आहे. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि प्रार्थना म्हणूनच आहे.

बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्यानंही हेच केलं. २०१९ सालीच पुरापाठोपाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला. तासगावकडे माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे, छाटणी होऊन बाग फुलोऱ्यात आलेली. पावसानं घड कुजले, डाऊनी हा बुरशीचा रोग पसरला, हातात काही उरलं नाही. हंगामाच्या सणाला मंडळीत वाचायला त्यानं हबक्कूकाचा तिसरा अध्याय घेतला. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एकेक करून वाचताना तो द्राक्षांच्या शब्दाला थांबला, पाणी प्यायला, मग पुढे गेला. हबक्कूक नुकसान पुरतं मोजून झाल्यावर मगच म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. त्या 'तरी'ला वजन आहे ते आधीच्या मोजणीमुळे. मोजणी चुकवून कुणी थेट 'तरी'वर गेलं तर तो शब्द पोकळ वाजतो.

एक सावधगिरी मात्र घ्या. पंचनामा देवापुढे करायचा, चौकात नाही. मिसरातल्या गुलामीतून सुटून रानात आलेल्या इस्राएल लोकांचं तिथंच चुकलं. आपापल्या तंबूच्या दारात उभं राहून ते मिसरातल्या काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडायला लागले. गणना, अकरावा अध्याय. काकडी आठवली, पण पाठीवरचा मुकादमाचा मार आठवला नाही. आपणही असंच करतो, पुराच्या आधीचं घर आठवताना त्या घरातली ओल आठवत नाही. आणि पंचनामा पुरा करायचा म्हणजे उरलेलं खोडायचं नाही. नामी बेथलेहेमात परत आली तेव्हा म्हणाली, मी भरलेली गेले होते, परमेश्वरानं मला रिकामी आणलं. हे ती बोलत होती तेव्हा तिची सून रूथ तिच्या शेजारी उभी होती. बायबल नामीला त्याबद्दल रागावत नाही. पण मला ते वाचलं की रूथचा चेहरा दिसतो. माझ्या गच्चीवरच्या रडण्यातही माझी बहीण जिन्यात चहाचा कप घेऊन उभी होती आणि मी तिला पाहिलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट एका शब्दाची आहे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं आहे. 'स्थितीत' म्हटलंय, 'स्थितीबद्दल' म्हटलेलं नाही. मी पुरासाठी देवाचे आभार मानलेले नाहीत आणि मानणारही नाही. त्या पुरात माणसं गेली, जनावरं दावणीला बुडाली. त्याला चांगलं म्हणणं खोटं आहे आणि देवाला खोटी प्रार्थना नको असते. हे नीट समजलं की मनावरचं मोठं ओझं उतरतं. पाण्यात उभं राहूनही आभार मानता येतात, पाणी आलं म्हणून मानावे लागत नाहीत.

आता वहीबद्दल. ऑगस्टच्या शेवटी मी नवी मापवही आणली. पुढून मापं, मागून उपकार. रात्री झोपण्याआधी तारीख टाकून एकच ओळ लिहायची. माझ्या पहिल्या काही ओळी अशा आहेत:

२७ ऑगस्ट. हातचाक फिरलं.
२८ ऑगस्ट. गाद्यांना ऊन मिळालं.
३० ऑगस्ट. समोरच्या काकूंनी न विचारता बादली दिली.
१ सप्टेंबर. रात्री लेकीचा फोन. आवाजावरून ती जेवलेली वाटली.

हातचाकाचं जरा सांगते. लग्नात वडिलांनी दिलेलं माझं उषा मशीन. फळी फुगून तिचे पापुद्रे निघालेले, पट्टा कुजलेला, शटलच्या जागी गाळ बसलेला. मुंडी काढून आधी स्वच्छ पाण्यानं धुतली, उन्हात उलटी ठेवली, मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं रॉकेल लावत एकेक फट साफ केली. बॉबिनची डबी निघेना, तिथं रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं. हातचाक जोर लावून फिरवायचं नाही, आतला दांडा वाकतो. तेल सोडायचं, केसभर हलवायचं, परत तेल सोडायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी चाक एक पूर्ण फेरा फिरलं आणि सुईचा दांडा खाली आला. सुई नव्हती त्यात, नुसता दांडा. त्या रात्री लिहिण्यासारखी ती एकच गोष्ट होती, आणि ती पुरली.

वही लिहिताना तीन-चार गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. 'आरोग्य, कुटुंब, सर्व आशीर्वाद' असं मोघम लिहिलं की आठ दिवसांत हात थांबतो. त्या दिवसाचंच लिहा, नावानिशी लिहा, डोळ्यांनी दिसलेलं लिहा. कालची ओळ आज परत चालणार नाही. मग दुपारपासून डोळे शोधायला लागतात की आज काय लिहायचं, आणि खरा फायदा त्या शोधण्याचा आहे. १०३ व्या स्तोत्रात 'त्याचे सर्व उपकार विसरू नको' असं आपल्याच जिवाला बजावलंय. जीव विसराळू आहे, म्हणूनच बजावावं लागतं.

आणि तुलना करून आभार मानू नका. याबाबतीत मी कडक आहे. पुरानंतर कितीतरी जणी म्हणायच्या, "पलीकडच्यांचं तर घरच पडलं, आपलं नुसतं सामान गेलं, देवाचे उपकार." ऐकायला बरं वाटतं. पण येशूच्या दाखल्यातल्या परूश्यानंही, म्हणजे धर्मनियम कडक पाळणाऱ्या माणसानंही, मंदिरात देवाचे आभारच मानले होते. लूकच्या अठराव्या अध्यायात पाहा, मी इतर माणसांसारखा नाही, ह्या जकातदारासारखा नाही, म्हणून तुझे आभार. शेजारणीच्या पडक्या भिंतीवर उभं राहून मानलेले आभार तिला ऐकू जातात. आणि उद्या आपलीही भिंत पडली, तर त्या उपकारस्तुतीचं काय उरणार? माझ्या वहीत 'निदान' हा शब्द मी येऊ देत नाही.

मला सगळ्यात जड गेलं ते घेणं. तीस वर्षं मी लोकांना कपडे शिवून दिले आणि त्या ऑगस्टात मदतीच्या ट्रकमधून आलेल्या कपड्यांच्या रांगेत उभी राहिले. माझ्या वाट्याला एक गाठोडं आलं, त्यात दोन साड्या आणि एक वापरलेलं ब्लाऊज, मरून रंगाचं. मला होण्यासारखं नव्हतं, छातीत घट्ट. घरी येऊन ते कोपऱ्यात टाकलं. दोन दिवसांनी धुवायला घेतलं आणि सवयीनं उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला दोन्हीकडे दीड-दीड इंच कापड सोडलेलं. कडा हातानं दुमडून बारीक टाके घातलेले, एकासारखा एक. हल्ली एवढं मार्जिन कोण सोडतं? कापड वाचवायला सगळे अर्ध्या इंचावर मारतात. कुठल्या गावची कोण ती शिंपीण, तिच्या गिऱ्हाइकाचं अंग पुढे भरेल म्हणून तिनं ती जागा ठेवली होती. ती जागा माझ्या कामी येणार हे तिला ठाऊक असायचं कारण नाही. मी शिलाई उसवली, नव्या रेघेवर टीप मारली. ब्लाऊज मापात बसलं. नीट झालेल्या मशीनवरचं ते पहिलं काम, आणि ते माझं स्वतःचं होतं. त्या दिवशी वहीत मी 'दीड इंच' एवढंच लिहिलंय.

पौलाचा तो समाधानाचा अध्याय मुळात मदत मिळाल्याची पोच आहे, हे मला त्यानंतर लक्षात आलं. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती त्याला काही पाठवलं होतं. मी समाधानी आहे, तेव्हा हे परत न्या, असं तो म्हणत नाही. माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे चांगलं केलंत, असं म्हणतो. तेव्हा कुणी डबा आणला तर घ्या. 'कशाला त्रास घेतलात' म्हणत दारातून परतवू नका. घ्यायला न शिकलेल्या माणसाला आभार मानायची संधीच मिळत नाही.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. समाधानी माणसानं आपलं हक्काचं मागू नये, असं पुष्कळांना वाटतं. मीही पंचनाम्याच्या वेळी मागेच राहत होते. ख्रिस्ती माणसानं भांडू नये, असं मनात. तेव्हा आमच्या पाळकांनी प्रेषितांच्या कृत्यांतला सोळावा अध्याय काढून माझ्या हातात दिला. पौल आणि सीला यांना फिलिप्पैत फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं. मध्यरात्री ते गाणी म्हणत होते. हे आपल्याला पाठ असतं. पुढचं कुणी वाचत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की सोडून द्या, गुपचूप जाऊ दे. पौल म्हणाला, नाही. आम्ही रोमन नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलंत, आता गुपचूप घालवता? स्वतः या आणि आम्हाला बाहेर घेऊन जा. रात्री गाणारा आणि सकाळी अडून बसणारा माणूस एकच आहे. नंतर समाधानाचं पत्र लिहिलं ते त्याच गावच्या मंडळीला. ज्या तुरुंगाधिकाऱ्यानं त्या रात्री त्यांच्या जखमा धुतल्या, तोही ते पत्र ऐकायला बसला असेल, असं मला नेहमी वाटतं. मी रांगेत उभी राहिले, कागद दिले, सानुग्रह अनुदानाची चौकशी करायला तीनदा गेले. आवाज चढवला नाही आणि मागेही हटले नाही.

ज्यांचे कपडे माझ्याकडे होते त्यांचंही सांगायला हवं. बहुतेक जणींनी 'असू दे' म्हटलं. एकीनं कापडाचे पैसे भरून मागितले. तिचंही बरोबर होतं, तिचंही घर पाण्यात होतं. मी पाच हप्त्यांत दिले.

पुरेसं म्हणजे किती, याचं आमच्या घरी ठरलं ते पैसे नव्हते म्हणून. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, दिवसाचा दिवसालाच मिळायचा, जास्त साठवला तर किडे पडायचे, आणि ज्यानं थोडा गोळा केला त्यालाही कमी पडला नाही. आम्ही भिंतीवर कागद लावला आणि घ्यायच्या वस्तू लिहिल्या. एक वस्तू घेतली की महिनाभर दुसरी घ्यायची नाही. आधी शेगडी, मग गादी, मग कपाट. कागदावर टीव्हीही होता. पाच महिन्यांनी त्याची पाळी आली तेव्हा दोघांनाही त्याची आठवण राहिली नव्हती, तो खोडून तिथं आम्ही पंखा लिहिला.

हे सगळं मला जमलं असं वाटत होतं, तेव्हा २०२१ साल आलं. जुलैत पुन्हा पूर. त्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो, मशीन वेळेत वरच्या मजल्यावर नेलं. पण ऑक्टोबरात आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रिक्षा चालवणारा, दिवसभर बोलणारा माणूस. माझ्या वहीत त्यानंतर चार महिने काही नाही. एक-दोन तारखा टाकल्यात आणि पुढे 'आज काही नाही' असं लिहिलंय. ती पानं मी फाडलेली नाहीत.

असे दिवस आले तर काय करायचं, हे मला त्याच काळात कळलं. स्वतःहून जमत नसेल तर मंडळीत जाऊन नुसतं बसा. गाणं म्हणू नका, शेजारणीला म्हणू द्या. तुमच्या वाटणीचं त्या दिवशी ती म्हणते, पुढे कधीतरी तुम्ही तिच्या वाटणीचं म्हणाल. मी मागच्या बाकावर बसायचे. प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकांनी नेहमीचेच शब्द म्हटले, ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्यानं भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून मोडली. किती वर्षं ऐकत आले होते. त्या दिवशी 'त्या रात्री' हे शब्द ऐकू आले. उद्या काय होणार हे त्याला माहीत होतं. त्याला धरून देणारा यहूदा त्याच पंक्तीला होता. आणि त्यानं भाकर हातात घेऊन पित्याचे आभार मानले. मला वाटलं, मला आभार तयार करायचेच नाहीत. ते त्यानं आधीच मानून ठेवलेत, मला फक्त त्याच्या हातून तुकडा घ्यायचाय. मी हात पुढे केला. त्या दिवशीही वहीत काही लिहिलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी ह्यांनी डाव्या हातानं चहाचा कप ढकलला आणि तोंडातून "गोड" असं आलं. साखर जास्त झाली होती. मी ते लिहिलं.

आता यातलं दुसऱ्यासाठी किती वापरायचं? माझं मत, अगदी थोडं. हे औषध स्वतः घ्यायचं आहे, दुसऱ्याच्या घशात ओतायचं नाही. आमचे हे आजारी असताना एक भले गृहस्थ भेटायला आले आणि पलंगाशी उभं राहून म्हणाले, देव जे करतो ते भल्यासाठीच. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण ते गेल्यावर ह्यांनी दिवसभर भिंतीकडे तोंड केलं. बायबलात ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र पहिले सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं, बिघडलं ते तोंड उघडल्यावर. कुणाच्या घरी दुःख असेल तर आमटी-भाताचा डबा घेऊन जा, भांडी घासून या, दवाखान्यात एक रात्र थांबा. वचन त्यांनी मागितलं तर सांगा.

दुःखातून शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख लवकर दिसतं, हे मात्र खरं. पंडिता रमाबाईंनी कोवळ्या वयात दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील आणि बहीण गमावली. उपास काय असतो ते त्यांनी अंगावर सोसलं होतं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली-बायकांना आणलं आणि केडगावला त्यांच्या राहण्या-खाण्याची, शिकण्याची सोय केली. मी एवढं मोठं काही करू शकत नाही. पुरानंतर मी ब्लाऊजला आतून दीड इंच सोडते. कापड कमी असेल तर गिऱ्हाइकाला सांगते, बाही अर्धा इंच आखूड करू, पण हे राहू दे.

त्या सुनेला मी कपाटातली एक कोरी मापवही दिली. सांगितलं, पुढून पंचनामा लिही, मागून उपकार, आणि दोन्हींत खोटं लिहू नको. परवा ती गणवेशाची चड्डी अल्टर करायला घेऊन आली, पुतण्याची. पिशवीत वही होती. पुढची चार पानं बारीक अक्षरात भरलीत, नवऱ्याचं काम, घरभाडं, सासूबाईंचं बोलणं, दुधाचं बिल. मागून उघडली तर नुसती तारीख. ती ओशाळली. मी म्हटलं, "राहू दे. तारीख टाकलीस ना." मग लेकरू मशीनच्या पायट्याखाली शिरलं, ते आम्ही दोघींनी मिळून बाहेर काढलं, आणि मी चड्डीची कंबर उसवायला घेतली.